नुसती फार्मॅलिटी

परवा एका मुलीचा फोन आला. बँकेतून बोलतेय म्हणाली. आवाज मोठा गोड. "काका, फक्त फॉर्मॅलिटी आहे, मोबाइलवर एक नंबर आलाय तो तेवढा सांगा." मी फोन ठेवून दिला. धाकटा मुलगा शेजारीच चहा पीत होता, तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला बरं कळलं हे फसवाफसवीचं आहे ते." आता त्याला काय सांगायचं? मला त्या मोबाइलमधलं ओ की ठो कळत नाही. फॉर्मॅलिटी हा शब्द कुणी गोड आवाजात उच्चारला की माझा हात आपोआप फोन ठेवतो, एवढंच. लोकांना पालीची भीती वाटते, विजेची वाटते. मला फार्मॅलिटीची वाटते. त्याचं मूळ जळगावच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात आहे.

आमच्या घरात तो शब्द आबांनी आणला. आबा म्हणजे माझे वडील. एका सरकारी कचेरीत कारकून होते. कचेरीतून येताना दुसरे कारकून पेन्सिली आणायचे, कोरे कागद आणायचे. आबांनी कधी टाचणीसुद्धा आणली नाही, हा शब्द मात्र आणला आणि तो मनसोक्त वापरला. शेजारच्या म्हाताऱ्याच्या मयताला जाऊन आले की अंघोळीला बसता बसता म्हणायचे, "चला, फार्मॅलिटी झाली." साहेबांच्या मुलीच्या लग्नात अहेर करणं फार्मॅलिटी, शाळेच्या दाखल्यावर सही करणं फार्मॅलिटी, दर श्रावणातला सत्यनारायण तर फार्मॅलिटीच. माय स्वयंपाक करताना आमटीचा थेंब त्यांच्या तळहातावर टाकायची आणि विचारायची, "मीठ देखा बरं." आबा हात चाटायच्या आधीच म्हणायचे, "फार्मॅलिटी शे ही. मीठ तू टाकेलच व्हई." मायच्या तोंडात तो शब्द बसत नसे. ती 'फारमालटी' म्हणायची, आणि आम्ही तिघं भाऊ तिला चिडवून चिडवून पुन्हा म्हणायला लावायचो.

तिघा भावांत मी मधला. मोठा दादा, धाकटा बाळू, आणि मी प्रभाकर, घरातला पभ्या. घर म्हणजे नुसता गलका होता. पहाटे कापसाच्या जिनिंगचा भोंगा, मग नळावरच्या बायका, मग मायच्या हातातली भाकरी. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापताना ती परातीवर असा काही ठेका धरायची, की आम्ही अंथरुणातूनच सांगायचो आज भाकरी किती झाल्या. तव्यावर मिरच्या भाजल्या की सगळ्या वाडीभर खोकला. त्या खोकल्यातच मायचा आवाज, "उठा रे मेल्याहो, गिळा नि जा शायमा." आम्ही गिळायचो नि शाळेत जायचो. उन्हाळ्यात तिघं धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, एका सतरंजीवर झोपायचो, मी अर्थात मधे. दोन्ही बाजूंनी लाथा बसायच्या. त्या लाथांचं मला पुढं किती वर्षं वेड लागून राहिलं, ते सांगून कुणाला पटायचं नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. घरात सगळे अहिराणी बोलायचो. पण कचेरीचं काही घरात शिरलं की आबांची भाषा एकदम बदलायची. पाठ ताठ व्हायची, चष्मा वर सरकायचा आणि तोंडातून शुद्ध मराठी बाहेर पडायला लागायचं. दादा नापास झाला तेव्हा आबा त्याच्याशी शुद्ध बोलले होते. घरमालकाशी भांडतानाही शुद्ध. म्हणून आबा 'शे' सोडून 'आहे' म्हणायला लागले की आम्ही पोरं हळूच बाहेर सटकायचो. मला मात्र त्या एका दिवशी सटकायचं सुचलं नाही.

धुळ्याला आमचे नाना असायचे, आबांचे थोरले भाऊ. त्यांची बायको ती अक्का. नानांचं पांझरा नदीच्या अलीकडं स्वतःचं घर होतं, जवळच्या गावी मळा होता, गोठ्यात म्हैस होती, आणि मूल नव्हतं. दर दिवाळीला आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही जायचो तेव्हा ते घर चार दिवस जागं व्हायचं. नाना माणूस कमी बोलणारा. अक्का मात्र आम्हा तिघांना समोर बसवून जेवताना बघत राहायची. तिचं ते बघणं मला आवडायचं नाही. घास तोंडात असताना कुणी इतकं बघितलं की चावायचं कसं, तेच विसरायला होतं.

मी त्या वर्षी सातवीत जाणार होतो. उन्हाळ्याच्या सुटीत एके दुपारी आबा कचेरीतून लवकर आले, हातपाय धुतले आणि मला समोर बसवलं. दादा आणि बाळू बाहेर होते. माय आत डाळ निवडत होती, मला तिची पाठ दिसत होती.

"प्रभाकर," आबा म्हणाले. पभ्या नाही, प्रभाकर. "येत्या शुक्रवारी आपल्याला धुळ्याला जायचं आहे. नानांच्या घरी एक लहानसा विधी आहे. तुझ्या नावात मध्ये माझं नाव आहे, त्या जागी नानांचं नाव येणार आहे. आडनाव तेच राहील."

"म्हणजे काय व्हई?" मी विचारलं.

"काहीही होणार नाही. नुसती फार्मॅलिटी आहे. मळा घरातल्या घरात राहावा म्हणून करावी लागते."

"मंग परत कवय येवानं?"

आबांनी चष्मा वर सरकवला. "आम्ही रविवारी निघू," ते म्हणाले.

हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा उलटंपालटं करून बघितलं असेल! आम्ही रविवारी निघू. त्यात तसूभर खोटं नव्हतं. आबा कारकून होते, खोटं बोलायचे नाहीत. 'आम्ही'मध्ये मी नाही, हे मलाच कळायला हवं होतं. पण ज्या घरात मयत आणि मीठ दोन्ही फार्मॅलिटी, तिथं बारा वर्षांच्या पोरानं आणखी काय समजायचं? माझ्या लेखी फार्मॅलिटी म्हणजे जिच्यानं काही होत नाही ती गोष्ट. आबांच्या मनात होतं ते वेगळंच. सगळं ठरून गेलंय, बोलणी झालीत, आता माणसांदेखत उरकायचं तेवढं राहिलंय. एकाच शब्दाला ही दोन तोंडं आहेत. मला त्यातलं एक दाखवलं आणि दुसऱ्यानं मला गिळलं.

मी आत जाऊन मायला विचारलं, "माय, हाई काय शे?" ती डाळीतून वर बघेना. म्हणाली, "तुना आबानी सांगं ना? फारमालटी शे." त्या वेळी मी तिला चिडवलंसुद्धा. फारमालटी, फारमालटी, करत सुपाभोवती नाचलो. एरवी ती मारायला धावायची. त्या दिवशी धावली नाही.

एरंडोल, पारोळा करत एस.टी. धुळ्याला पोचली. नानांच्या दारात मांडव होता. अंगणात तीन बायका खापरावर मांडे करत होत्या, दोन्ही हातांवर पुरणाचा मांडा झुलवत झुलवत एवढा थोरला करायचा आणि उलट्या खापरावर अलगद सोडायचा. रशीचा, म्हणजे कटाच्या आमटीचा, वास गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता. मला रेशमी सदरा मिळाला, जरीची टोपी मिळाली. मी खूश. दादा आणि बाळूला साधेच कपडे होते, म्हणून तर जास्तच खूश. दादा कानात म्हणाला, "पभ्या, तुनी मज्या शे राव." त्यालाही काही ठाऊक नव्हतं, हे मी आजही मानतो.

सकाळी होम झाला. भटजींनी आबांना पुढं बोलावलं आणि माझा हात त्यांच्या हातात दिला. हातावर पाणी सोडलं. ते गार पाणी माझ्या कोपरापर्यंत ओघळलं आणि नव्या सदऱ्याची बाही भिजली, म्हणून मी हात मागं घ्यायला गेलो. आबांनी तो घट्ट धरला. मग भटजींनी सांगितलं तसं ते मोठ्यानं म्हणाले, "हा पुत्र मी दिला." स्वच्छ, शुद्ध मराठीत. घरी ते 'दिधा' म्हणाले असते. नाना म्हणाले, "घेतला." त्यांचा आवाज फुटला, त्यांना ते दोनदा म्हणावं लागलं. मग मला नानांच्या मांडीवर बसवलं. मी चांगला उंचापुरा पोरगा, पाय जमिनीला टेकत होते, मला हसू आवरेना. नानांनी वाकून माझी टाळू हुंगली, तसा विधी असतो. तेव्हा मात्र माझं हसू थांबलं. कारण नाना थरथरत होते. नुसत्या फार्मॅलिटीला कुणी थरथरतं का, असं काहीतरी माझ्या डोक्यात येऊन गेलं. तोवर बायकांनी साखर वाटायला सुरुवात केली होती. मी मायला शोधलं. ती बायकांच्या घोळक्यात मागं बसली होती आणि हातातली साखर तिनं खाल्ली नव्हती, मुठीत धरली होती.

रविवारी सकाळी मी लवकर उठलो, पिशवी भरली, जरीची टोपी वर राहील अशी ठेवली आणि चपला घालून ओट्यावर जाऊन बसलो. आबा बाहेर आले, माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा आत गेले. मग दादा आणि बाळू आले. मग माय. टांगा आला. मी आधी उडी मारून पुढची जागा धरली, टांग्यात पुढं बसायची आमची नेहमीची मारामारी. या वेळी दादानं मारामारी केली नाही. आबा टांग्याजवळ येऊन म्हणाले, "प्रभाकर, खाली उतर. तुझं घर हे आहे."

"पन फार्मॅलिटी तं व्हईग्ये ना, आबा?" मी म्हणालो.

"झाली," आबा म्हणाले. "म्हणूनच."

मी उतरलो. कसा उतरलो, ते आठवत नाही. टांगा वळणावर दिसेनासा होईपर्यंत बाळू मागं बघून हात हलवत होता, त्याला वाटलं मी सुटीपुरता राहिलोय. माय समोर बघत होती. तिनं एकदाही मान वळवली नाही. मला आबांचा राग आला, आणि तो जो आला तो मुक्कामालाच राहिला. मारलं असतं, घराबाहेर काढलं असतं, तर समजलो असतो काय चूक झाली. जरीची टोपी घालून, साखर वाटून, माझ्याच हातावर पाणी सोडून मला हाकललं. आणि मी त्यात हसत होतो.

संध्याकाळी अक्कानं माझ्यासमोर भरीत आणि भाकरी ठेवली. या वेळी ती समोर बसली नाही, दारात उभी राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "पोऱ्या, तुले इचारीसन लयनात ना रे? तुनी मर्जी शे, अशे सांगं आमले." मला कुणी काही विचारलंच नव्हतं. मी भाकरीकडं बघत बसलो. तिला काय कळायचं ते कळलं. ती पदर तोंडाला लावून आत गेली. त्या घरात फसलेला मी एकटाच नव्हतो, हे समजायला मला पुढं बरीच वर्षं लागली. अक्कानं मला कधी 'माय म्हण' म्हणून सांगितलं नाही. माझ्या ताटाकडं टक लावून बघणंही तिनं सोडलं. ती बाई देवमाणूस होती. पण देवमाणूस मिळालं म्हणून घर गेल्याचं दुःख कमी होतं, असं कुणी म्हणत असेल तर त्यानं माझ्याशी बोलू नये.

धुळ्याच्या शाळेत हजेरीला माझं नवं नाव पुकारायचे. मधलं नाव नानांचं. पहिले काही दिवस मी 'हजर' म्हणायचोच नाही, कारण तो दुसराच कुणी वाटायचा. आम्हाला इंग्रजीला एक तरुण मास्तर होते. शब्द द्यायचे आणि वाक्य करा म्हणायचे. मीच एकदा हात वर करून विचारलं, "सर, फार्मॅलिटी म्हणजे काय?" त्यांनी फळ्यावर लिहिलं: औपचारिकता, रीतीखातर करायची गोष्ट. म्हणाले, "कर वाक्य." मी उभा राहिलो आणि म्हणालो, "माय फादर गेव्ह मी. इट वॉज ए फार्मॅलिटी."

"दुसरं वाक्य बरोबर," मास्तर म्हणाले. "पहिलं अपुरं. वडिलांनी तुला काय दिलं? पेन दिलं, पुस्तक दिलं? वस्तू राहिली तुझी."

"काही नाही दिलं, सर," मी म्हणालो. "मलाच दिलं."

वर्गात खसखस पिकली. मराठीतसुद्धा 'मला दिलं' म्हटलं की ऐकणारा विचारतोच, काय दिलं? हे काही इंग्रजीचंच दुखणं नाही. मास्तरांनी खडू खाली ठेवला. मग ते माझ्या बाकाजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मग पुढं एक शब्द लागतो. अवे. गेव्ह मी अवे." अवे म्हणजे लांब, दूर, हे मला येत होतं. जळगाव ते धुळे. वाक्य पुरं झालं आणि मी खाली बसलो.

दिवाळीला नाना मला जळगावला घेऊन गेले. मी रस्ताभर ठरवत होतो, तिथं पोचलो की परत यायचंच नाही, धाब्यावर लपून बसायचं. घरात पाऊल ठेवलं तर आबांनी "या, या" म्हटलं. नानांना म्हणाले असतील, म्हणून मी सोडून दिलं. जेवायला बसलो. माझं जुनं जर्मनचं ताट बाळूसमोर होतं, माझ्यासमोर पाहुण्यांचं स्टीलचं. खाली पाट. माय वाढायला आली. मी एक पोळी झाल्यावर हात आडवा धरला, तशी ती ओशाळं हसली आणि म्हणाली, "फारमालटी करू नको हां. पोटभर जेव."

असं ती पाहुण्यांना म्हणायची. फक्त पाहुण्यांना. दादाला, बाळूला, मला ती 'गिळ' म्हणायची. मला त्या क्षणी ते 'गिळ' हवं होतं, पाठीत धपाटा हवा होता. मी ती दुसरी पोळी खाल्ली आणि लपायचं ठरलेलं सोडून दिलं. पाहुणा कुठं लपतो? निघताना वाकून नमस्कार केला आणि आबांना म्हणालो, "येतो, काका." रीतीनं तेच नातं होतं. आबांचा हात माझ्या डोक्याकडं निघाला होता, तो अर्ध्यावर थांबला. त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला. त्यानंतर ते गेले तोवर मी त्यांना काकाच म्हणत आलो. लग्नात, मुलांच्या बारशात, दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून, कुठंच मी तो शब्द बदलला नाही. सगळे म्हणायचे, पभ्या भारी हट्टी. मी म्हणायचो, चुकीचं काय बोलतोय?

आबा गेले, नाना-अक्का त्याआधीच गेले होते. माय दादाकडं जळगावलाच आहे, नव्वदीला टेकली, डोळ्यांनी केव्हाच दिसेनासं झालंय. चारेक वर्षांपूर्वी मी गेलो होतो. मे महिन्याची दुपार, कूलर घरघरत होता, दादा-वहिनी लग्नाला गेलेले. मी मायला केळं सोलून देत होतो. तिला कधी विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण घरात दुसरं कुणी नव्हतं म्हणून विचारून टाकलं. "माय, काकानी माले कसा काय दिधा वं? तुले काहीच वाटनं नही?"

तिनं केळ्याचा घास गिळला. मग म्हणाली, "तुना आबाना कसाले नाव लेस? तो तं बाळूले देनार व्हता. धाकला शे, लवकर रुळी म्हने. मीच सांगं, पभ्याले द्या."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "तू?"

"मी नही तं कोन? माय मीच ना." तिनं तोंड पुसलं. "तो कितला दिन जेवना नही. माले म्हने, पोऱ्याले खरं सांगूत. मीच सांगू दिधं नही."

"पन मीच का?"

"दादा रडी रडी जीव देता. बाळू रडता नि पयीसन परत येता," माय म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक होतं, जसं एखाद्या चांगल्या बैलाबद्दल बोलावं. "तू रडस नही. तू सोशी लेशी, हाई माले ठाऊक व्हतं."

इतक्या वर्षांनी माझ्या तोंडात 'आबा' हा शब्द आला होता आणि ऐकायला आबा नव्हते. मायनं हात पुढं करून चाचपत चाचपत माझा चेहरा शोधला. सुरकुतलेली बोटं आधी कपाळावर फिरली, मग डोळ्यांखाली, मग दोन्ही गालांवर सावकाश.

"देख," ती समाधानानं म्हणाली, "कोरडाच शे."